दुकान असू द्या, पण हाका मारू नका

लेकीकडे कॅलिफोर्नियाला राहून आले की स्वाध्यायाच्या मैत्रिणी विचारतात, यंदा काय काय पाहिलंत? या वेळी मी एकच उत्तर देते: एक हिरवं पान पाहिलं.

जावईबापूंना आणायला आम्ही फ्रिमाँटहून ओकलंडच्या विमानतळावर निघालो होतो. लेक गाडी चालवत होती, मागे मी आणि नातू. आठशेऐंशी नंबरच्या हमरस्त्याच्या कडेला एक भलामोठा फलक आला. त्यावर हिरवंगार पान होतं आणि खाली लिहिलं होतं, फोनवरून मागवा, घरपोच मिळेल. परमुलखात बाहेर पडलं की आपला डोळा हिरव्या खुणेकडेच जातो. मी आनंदाने म्हटलं, "अगं, इथे शाकाहारी हॉटेल दिसतंय. परतताना थांबूया का?" लेक गप्प राहिली. नातू अकरा वर्षांचा आहे. तो म्हणाला, "आजी, दॅट्स वीड," आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

वीड म्हणजे गांजा. आमच्या लहानपणी हा शब्द उच्चारताना मोठी माणसंसुद्धा आवाज खाली करत. या पोराने तो दूध-पाव म्हणावं तसा म्हटला. तो हसला नाही, बिचकलाही नाही. बिघडलेला मुलगा नाही हो तो. रात्री जेवत नाही, रविवारी पाठशाळेला जातो, णमोकार म्हटल्याशिवाय झोपत नाही. पण शाळेला जाता-येता ते पान त्याच्या डोळ्यांखालून रोज जातं. त्याची त्याला सवय झाली आहे, आणि जाहिरात देणाऱ्याला हीच सवय हवी असते.

इथे परतल्यावर हे सांगितलं तर एक मैत्रीण म्हणाली, तिकडचं तिकडे, आपल्याला काय करायचंय? दुसरी म्हणाली, बंदीच घालायला हवी, सगळ्यांना तुरुंगात टाका. मला दोन्ही पटलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझी बाजू स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज व्हायचा. खिशात चिमूटभर गांजा सापडला म्हणून विशीतल्या पोराला तुरुंगात घालून त्याचा जन्म वाया घालवावा, असं मी म्हणत नाही. शिक्षेने व्यसन सुटलं असतं तर जगात व्यसनी माणूस उरला नसता. कॅलिफोर्नियात १९९६ साली आजाऱ्यांसाठी गांजाला परवानगी मिळाली. कर्करोगाच्या औषधांनी ज्याच्या पोटात अन्न ठरत नाही, त्याच्या वाटेत मी उभी राहणार नाही. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी मत देऊन, आजार असो वा नसो, एकवीस वर्षांवरच्या कुणालाही तो घेण्याची मुभा दिली. या ठरावाला प्रपोझिशन ६४ म्हणतात. १ जानेवारी २०१८ पासून परवान्याची दुकानं उघडली. लोकांनी मत दिलं, ठीक आहे. माझं भांडण दुकानाशी नाही. दुकानाबाहेर येऊन गिऱ्हाइकाला हाक मारण्याशी आहे, आणि ती हाक चालू देणाऱ्या सरकारशी आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई आहे. नोकरी केली नाही, पण आकडा दिसला की तो तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिथल्या कायद्यात एक आकडा आहे: ७१.६. टीव्ही, रेडिओ, छापील मजकूर किंवा इंटरनेट यांवर गांजाची जाहिरात करायची असेल, तर बघणाऱ्यांपैकी निदान ७१.६ टक्के लोक एकवीस वर्षांवरचे असतील अशी वाजवी खात्री हवी. वाचून वाटतं, केवढा काटेकोर कायदा, दशांशापर्यंत गेलाय! पण हा आकडा आला कुठून? दारूच्या धंद्याने स्वतःसाठी जी मर्यादा ठरवून घेतली होती तिचाच हा आकडा. २०१० च्या जनगणनेत अमेरिकेच्या एकूण लोकसंख्येत एकवीस वर्षांवरचे लोक तेवढेच होते.

आता हिशेब करा. देशातल्या सगळ्या माणसांना, अगदी पाळण्यातल्या बाळापासून, एका मैदानात उभं केलं आणि त्यांच्यापुढे जाहिरात लावली, तरी ती नियमात बसली असती. अशी चाळणी काय कामाची, जिच्यातून खडेही तांदळाबरोबर खाली पडतात? शंभरातली अठ्ठावीस मुलं-पोरं बघणार हे त्या कायद्याने आधीच मान्य करून टाकलं आहे.

फलकांची कथा तर याहून बोलकी आहे. लोकांनी मत दिलं तेव्हा कायद्यात लिहिलेलं होतं की राज्याची हद्द ओलांडून जाणाऱ्या महामार्गांवर गांजाचे फलक लावायचे नाहीत. ज्या खात्याकडे अंमलबजावणी होती त्याने नियम करताना लिहिलं, हद्दीपासून पंधरा मैलांच्या आत लावायचे नाहीत. म्हणजे उरलेला शेकडो मैलांचा रस्ता मोकळा झाला. लोकांनी घातलेलं कुंपण खात्याच्या टेबलावर असं उपटलं गेलं. शेवटी दोन मुलांचा एक बाप कोर्टात गेला. सॅन लुईस ओबिस्पो काउंटीच्या न्यायालयाने २०२० च्या अखेरीस त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पंधरा मैलांचा नियम रद्द झाला. मग २०२१ मध्ये विधिमंडळाने तीच पंधरा मैलांची सूट कायदा करून परत आणायचा घाट घातला. गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही केली नाही. मुलांसाठी ठेवलेलं संरक्षण त्याने कमी होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. हे गृहस्थ २०१६ मध्ये गांजाच्या परवानगीचे पुढारी होते, पण इथे त्यांनी बरोबर केलं. चांगलं ते चांगलं म्हणायला हवं.

तरी आमच्या वाटेवरचा फलक उभाच आहे, कारण आठशेऐंशीचा रस्ता सॅन होजेहून ओकलंडपर्यंतच जातो, तो राज्याची हद्द ओलांडत नाही. मागच्या सीटवरच्या मुलाचे डोळे मात्र दोन्ही रस्त्यांवर तेच असतात.

शाळा, पाळणाघर, खेळाचं मैदान यांच्यापासून हजार फुटांच्या आत जाहिरात नको, असाही नियम आहे. चांगला आहे. पण मूल हजार फुटांच्या आत बांधून ठेवलेलं नसतं. ते आजीबरोबर विमानतळावर जातं. तिथल्या निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी आपल्या हद्दीत दुकान नको असं ठरवलंय, तरी घरपोच माल तिथेही जाऊ शकतो. म्हणजे गावाने दार लावलं तरी खिडकी उघडीच.

याचा घरात काय परिणाम होतो तेही सांगते. किराणा आणला की पाकिटावरची घटकांची यादी वाचायची माझी जुनी सवय: जिलेटिन आहे का, अंडं आहे का, कांदा-लसूण आहे का. लेकीने या वेळी आणखी एक खूण बघायला शिकवलं. त्रिकोणात पान आणि उद्गारचिन्ह असलं की त्यात गांजा आहे असं समजायचं. गांजा घातलेल्या मऊ गोड गोळ्या तिथे दुकानात मिळतात. एका गोळीत जास्तीत जास्त दहा मिलिग्रॅम मादक द्रव्य, एका पाकिटात शंभर. त्यांना माणसाचा, प्राण्याचा किंवा फळाचा आकार द्यायला बंदी आहे, पाकीट मुलाला सहज उघडता येऊ नये असाही नियम आहे. पण एकदा पाकिटातून गोळी बाहेर आली की तिच्यावर कुठला त्रिकोण? वाढदिवसाहून नातू खाऊची पिशवी आणतो, ती लेक रात्री ओट्यावर ओतते आणि एकेक गोळी बघून परत भरते. आपण तांदूळ निवडतो तशी. तिला मी विचारलं, कधी काही सापडलं का? म्हणाली, "नाही आई, पण आता बघितल्याशिवाय झोप येत नाही." धंदा त्यांचा, आणि निवडत बसायचं काम घरच्या बाईचं.

आता पैशाकडे येते. मी तिथे असतानाच, १ जुलै २०२५ ला, राज्याने या विक्रीवरचा अबकारी कर १५ वरून १९ टक्के केला. दुकानदारांनी ओरड केली आणि १ ऑक्टोबरपासून तो परत १५ वर आला. पण तो कमी करायला विरोध कुणी केला असेल? लहान मुलांच्या सांभाळाचं काम करणाऱ्या संस्थांनी! कारण या करातून आधीचे ठरलेले खर्च गेले की उरलेल्यातले साठ टक्के मुलांच्या आणि तरुणांच्या कार्यक्रमांना जातात, आणि त्यातूनच गरीब घरातल्या मुलांच्या पाळणाघरांना पैसे मिळतात. त्या संस्थांचा दोष नाही. त्यांना मुलं सांभाळायची आहेत, पैसा कुठल्या खात्यातून येतो हे त्यांनी ठरवलेलं नाही. पण ताळेबंद मांडून बघा. गांजा जास्त खपला तर पाळणाघराला जास्त पैसे, कमी खपला तर पाळणाघर अडचणीत. ज्या सरकारने खप आटोक्यात ठेवायचा, त्याचंच घर त्या खपावर चालतं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच नसावा. इथे तर भागीदार आणि पहारेकरी एकच आहे.

आपल्याकडे पापाची तीन दारं सांगितली आहेत: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि करणाऱ्याला मान डोलावणं. कर्म तिन्ही दारांनी आत येतं. गांजा ओढणारा कृत. त्याला फलकावरून बोलावणारा कारित. आणि करात वाटा घेऊन बोलावू देणारं सरकार अनुमोदना. आपण आयुष्यभर फक्त पहिल्याला बोल लावत आलो. बिचारा सापडतोही तोच.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यात पहिला पापोपदेश, म्हणजे पापाच्या कामाला दुसऱ्याला प्रवृत्त करणारं बोलणं. मला जाहिरातीसाठी याहून नेमका शब्द सापडलेला नाही. अनर्थ म्हणजे ज्याची काही गरज नव्हती असं पाप. ज्याला गांजा हवा आहे त्याला दुकान माहीत आहे, परवान्याच्या दुकानांची यादी सरकार स्वतः देतं. मग फलक कुणासाठी? ज्याला आजवर तो नको होता त्याच्यासाठी.

आता माझ्या स्वतःच्या खतावणीचं पान उघडते, कारण दुसऱ्याचे हिशेब तपासणाऱ्याने आपले लपवू नयेत. माझं माहेर निपाणीकडचं. घरात तंबाखूची वखार होती. त्या भागात कितीतरी जैन घरांत होती. माझी कॉलेजची फी, माझ्या लग्नातलं सोनं, सगळं त्याच पानातून आलं. सुट्टीत मी अण्णांची रोजकीर्द लिहायची. वखारीत बायका तंबाखू चाळायच्या, त्यांच्या खोकल्याचा आवाज माझ्या बेरजेबरोबर चालायचा. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते. माझे धाकटे काका मालाची प्रत ठरवायला पान चावून बघायचे. बघता बघता ते पान त्यांच्या गालातच राहिलं. बावन्नाव्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने गेले. शेवटचे चार महिने काकू त्यांना नळीने मुगाचं पाणी भरवत होती.

पुढच्या चातुर्मासात एका महाराजांनी प्रवचनानंतर अण्णांना विचारलं, "श्रावका, वखारीतला माल तू आपल्या मुलाच्या हातावर ठेवशील का?" अण्णा घरी आल्यावर आईला म्हणाले, "आपण कुणाला बोलवायला गेलो नव्हतो. जो आला त्याला दिलं." हे वाक्य ते दोन वर्षं म्हणत राहिले आणि मग एका दिवाळीला वही पूजेला न ठेवता वखार बंद केली. हळदीच्या व्यापारात गेले. नफा निम्म्यावर आला.

त्या वाक्यात अर्धं सत्य होतं. अण्णा कुणाला बोलवायला गेले नव्हते, पण ज्या विडीवाल्यांना ते माल देत त्यांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या होत्या. हाक दुसऱ्याने मारली, पैसे आमच्याही घरात आले. म्हणून कॅलिफोर्नियाच्या तिजोरीकडे बोट दाखवताना मला माझी फी आठवते. पण निदान अण्णांना ते अर्धं वाक्य तरी म्हणता येत होतं. महामार्गावर पान टांगणाऱ्याला तेही म्हणता येणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात, ते खरे आहेत म्हणून त्यांना उत्तर देते. जावईबापू म्हणाले, "आई, चोरटा बाजार अजून मोठा आहे. परवान्याच्या दुकानाने जाहिरात केली नाही तर गिऱ्हाईक चोरट्याकडेच जाईल, तिथे माल तपासलेलाही नसतो." चोरटा बाजार मोठा आहे, हे खरं. पण चोरट्याचं गिऱ्हाईक खेचायचं तर भाव, तपासणी आणि दुकानाचा पत्ता पुरे. चोरट्याकडे जाणाऱ्याला गांजा ही काय चीज आहे हे फलकावरून सांगायला लागत नाही.

दुसरा आक्षेप बोलण्याच्या स्वातंत्र्याचा. सज्ञान माणूस दुकानाच्या आत गेला की त्याला हवं ते सांगा, माझी ना नाही. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे. अमेरिकेनेच १९७१ च्या जानेवारीत सिगारेटच्या जाहिराती टीव्ही-रेडिओवरून काढल्या. त्यामुळे कुणाचं तोंड बंद झालं नाही.

आणि हे जमतं का, तर जमतं. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला, २०१७ पासून औषधाच्या दुकानांतून गांजा विकला, आणि जाहिरातीला पूर्ण बंदी ठेवली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री सुरू केली, पण पाकीट एका रंगाचं आणि साधं, त्यावर पिवळ्या चौकटीत इशारा, लाल खूण. जाहिरातीत माणूस नको, प्राणी नको, नटनट्या नकोत, मौजमजेचं चित्र नको. खाण्याच्या पाकिटात सगळं मिळून दहा मिलिग्रॅम, कॅलिफोर्नियात शंभर. क्वेबेक प्रांतात सरकारच विकतं आणि २०२० पासून वयाची अटही एकवीस केली. कॅनडात सगळं गोड आहे असं नाही, दुकानं तिथेही भराभर वाढली. पण विक्रीला मुभा द्यायची आणि विनवणीला नाही, हे एका मोठ्या देशाने करून दाखवलं आहे.

आता "तिकडचं तिकडे" म्हणणाऱ्या मैत्रिणीला. बाई गं, आपल्याकडे महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली आणि तरी क्रिकेटच्या सामन्यात षटक संपलं की कुठला तरी नट वेलदोड्याची पुडी दाखवून हसतो. ती पुडी कशाची आठवण करून देते, हे तुझ्या नातवालाही माहीत आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा-चरस आले, नुसतं पान त्यात आलं नाही, म्हणून काही राज्यांत भांगेची परवान्याची दुकानं आजही आहेत. उत्तराखंडाने २०१८ पासून धाग्यासाठी या झाडाची लागवड करायला परवाने दिले, हिमाचलही त्या वाटेवर आहे. धागा, औषध, माझी हरकत नाही. पण दार किलकिलं झालं की धंदेवाला पाय घालतोच. तो पाय घालण्याआधी जाहिरातीचं कलम लिहून ठेवायला हवं, नंतर नाही. कॅलिफोर्नियात कलम आधी लिहिलेलं होतं, तरी नियम करताना ते ढिलं केलं, तर एका बापाला कोर्टाची पायरी चढावी लागली.

माझं मागणं एवढंच आहे. विकायचं तर दुकानाच्या चार भिंतींच्या आत विका, पण रस्त्यावर, पडद्यावर, फोनवर हाक मारू नका. वेलदोड्याच्या नावाने मारलेली हाकही हाकच धरा. आणि त्या विक्रीचा पैसा व्यसन सोडवण्याच्या कामाशिवाय कुठल्याही चांगल्या कामाच्या खात्यात टाकू नका, नाहीतर ती चांगली कामंच उद्या त्या धंद्याची वकिली करायला उभी राहतील.

निघायच्या आदल्या दिवशी नातवाला जवळ घेऊन मी काकाआजोबांची गोष्ट सांगितली, नळीसकट. लेकीला वाटलं, मूल घाबरेल. तो घाबरला नाही. बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आजी, मग त्यांना कुणी सांगितलं नाही का?" मी म्हटलं, "नाही रे. आमच्या घरातच ते पान होतं, कोण सांगणार?"

विमानतळाच्या वाटेवर तोच फलक पुन्हा आला. आम्ही दोघांनीही तो वाचला. या वेळी कुणी काही बोललं नाही, पण त्याने माझा हात धरला.

घराघरांत ही गोष्ट फलकाआधी पोचू दे. आणि जिथे जिथे आपली मुलंबाळं मत देतात, तिथे त्यांनी आपल्या नगरपालिकेला एक पत्र लिहावं. फार नाही, चार ओळी पुरेत.

जय जिनेंद्र.